सॉकेट सहा, ताकद एकाचीच!

नवी रूम, नवे रूममेट आणि भिंतीवर एकुलतं एक सॉकेट. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेला एक्स्टेन्शन बोर्ड, आणि त्यावर केटल, इस्त्री, लॅपटॉप, चार मोबाइल... तुमच्याही रूममध्ये हेच चित्र असेल, तर पाच-सात मिनिटं काढून हे वाचाच.

‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ इंटर्नशिप सुरू झाल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय, की आता बोटं आपोआप चालतात. गाळा असो, गोडाऊन असो की फ्लॅट, बातमीचा शेवट बहुतेक वेळा याच वाक्यावर होतो. टाइप करायचं, बातमी पुढे पाठवायची, चहा प्यायला जायचं. त्या वाक्याच्या आत नेमकं काय होतं, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. जूनमधल्या एका संध्याकाळी ते आमच्याच रूममध्ये घडता घडता राहिलं, तेव्हा विचारलं.

आम्ही तिघी पुण्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो. खोलीत मोठं सॉकेट एकच, दाराजवळ. त्यातून निघालेला एक्स्टेन्शन बोर्ड कॉटखालून फिरून पलीकडे जातो. पाऊस सुरू झाला होता, कपडे काही केल्या वाळत नव्हते. एकीचं दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशन, म्हणून ती ओलसर कुर्ता इस्त्री करून वाळवत होती. दुसरी लॅपटॉपवर सबमिशन उरकत होती. मी मॅगीसाठी केटलमध्ये पाणी ठेवलं. दोन लॅपटॉप, चार फोन आणि टेबल फॅन तर कायमच बोर्डला लटकलेले.

आधी वास आला. प्लॅस्टिक जळल्यासारखा, थोडा उग्र. मग ‘चर्रर्र’ असा बारीक आवाज. रूममेटने केटलचा प्लग ओढायला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतका तो तापला होता. मी दाराजवळचा मेन स्विच पाडला. अंधार. मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिलं, तर प्लगच्या पिना तपकिरी झालेल्या, प्लॅस्टिक वितळून बोर्डला चिकटलेलं. आणि त्या बोर्डला टेकून काय होतं? धुवायच्या कपड्यांचा ढीग. पाणी उकळेपर्यंत गॅलरीत जाऊन गप्पा मारायची आमची सवय आहे. त्या दिवशी पाऊस होता म्हणून गेलो नाही, एवढंच.

पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. खोलीला एमसीबी होता. तो पडला का नाही?

बेरीज करून बघितलीत कधी?

दुसऱ्या दिवशी वायरमन काका आले. बोर्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “पोरींनो, याच्यावर काय काय चालवत होता, ते सांगा बरं एकदा.” आम्ही सांगत गेलो, ते बोटांवर मोजत गेले.

हे गणित तुम्हीही तुमच्या रूमचं करा. दहावीच्या विज्ञानात शिकलेलंच आहे. प्रत्येक उपकरणावर, नाहीतर त्याच्या चार्जरवर, वॅट लिहिलेले असतात. सगळ्यांची बेरीज करायची आणि २३० ने भागायचं, कारण आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची असते. येणारं उत्तर म्हणजे अँपिअर, म्हणजेच वायरमधून जाणारा करंट.

आमचा हिशेब असा निघाला: केटल १५०० वॅट, इस्त्री १०००, दोन लॅपटॉप मिळून १३०, चार फोन ८०, टेबल फॅन ५०. एकूण २७६०. भागिले २३०. उत्तर बरोबर १२ अँपिअर.

आणि बोर्डच्या मागे बारीक अक्षरात काय लिहिलं होतं? ६ अँपिअर.

इथे बहुतेकांची गफलत होते. बोर्डला सहा सॉकेट आहेत म्हणजे सहा वस्तू बिनधास्त लावाव्यात, असं आपण धरून चालतो. पण बोर्डमधून भिंतीकडे जाणारी वायर एकच असते. ते ६ अँपिअर प्रत्येक सॉकेटला नाहीत, सगळ्यांना मिळून आहेत. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. बोर्डचं बजेट एवढंच. आमच्या नुसत्या केटलनेच ते ओलांडलं होतं!

बरं, करंट दुप्पट झाला म्हणून उष्णता दुप्पट होते का? नाही, चौपट होते. वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट तिप्पट, तर उष्णता नऊपट. वायरवरचं साधं पीव्हीसीचं आवरण साधारण ७० अंशांपर्यंत टिकेल अशा बेताने बनवलेलं असतं. ते रोज थोडं थोडं जास्त तापलं, तर आधी कडक होतं, मग त्याला चिरा पडतात. म्हणून ‘सहा महिने चालतंय, काही झालं नाही’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. त्या सहा महिन्यांत वायर आतून खराब होत असते.

मग एमसीबी का पडला नाही?

मला वाटायचं, जास्त लोड झाला की एमसीबी पडतोच, मग काळजी कसली? काकांनी मीटरजवळच्या बॉक्सकडे बोट दाखवलं. आमच्या खोलीचा एमसीबी १६ अँपिअरचा. आमचा लोड १२. त्याच्या दृष्टीने सगळं आलबेल होतं!

एमसीबी भिंतीतल्या वायरिंगसाठी असतो. ती वायर जाड असते, १६ अँपिअर तिला झेपतात. तुम्ही तिच्यापुढे बारीक वायरचा ६ अँपिअरचा बोर्ड जोडलाय, हे एमसीबीला कळायला काही मार्गच नाही. म्हणजे ६ आणि १६ च्या मधला जो पट्टा आहे, तिथे बोर्ड जळू शकतो आणि एमसीबी शांत बसून राहू शकतो. आमचं तेच झालं.

यातच एक गोष्ट लक्षात ठेवा. एमसीबी सारखा पडतोय म्हणून ‘मोठा टाकून देतो’ असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. पूर्वी फ्यूज उडू नये म्हणून लोक त्यात जाड तार घालायचे, हा तसलाच प्रकार. एमसीबी पडतोय तो त्रास द्यायला नाही, लोड जास्त झालाय हे सांगायला.

तो पन्नास रुपयांच्या आतला कन्व्हर्टर

आमच्या केटलचा प्लग जाड पिनांचा होता, मोठ्या सॉकेटचा. तो बोर्डच्या छोट्या सॉकेटमध्ये बसेना, म्हणून मी दुकानातून कन्व्हर्टर आणला होता. जाड पिना त्यात घाला, पलीकडून बारीक पिना निघतात. पन्नास रुपयांच्या आत काम झालं होतं आणि मी स्वतःवर खूश होते.

प्लग जाड बनवतात तो कंपनीच्या हौसेखातर नाही. हे उपकरण १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, असं तो प्लगच सांगत असतो. तो छोट्या सॉकेटमध्ये न बसणं हीच खरी सुरक्षा. मी पैसे देऊन ती काढून टाकली होती.

त्यात आमच्या बोर्डचं ते सॉकेट सैल झालेलं. प्लग घातला की डुगडुगायचा. पिन आणि आतली पट्टी नीट चिकटून नसतील, तर तेवढ्याच जागी विजेला अडथळा होतो आणि तिथेच उष्णता साठते. केटल साधारण साडेसहा अँपिअर घेते. सैल जोडात नुसता अर्धा ओहम अडथळा असला, तरी त्या टाचणीएवढ्या जागेत २१ वॅट उष्णता तयार होते. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना लगेच कळेल, सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटची असते! म्हणजे प्लगच्या आत जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न चालू होती. तापल्यावर आतली पट्टी अजून सैल होते, सैल झाली की अजून तापते. गंमत म्हणजे यात करंट वाढतच नाही, त्यामुळे एमसीबीला हेही कळत नाही.

म्हणून सैल सॉकेटला कागदाची घडी लावून प्लग घट्ट बसवणं, प्लग एका ठरावीक कोनात धरला की चार्जिंग सुरू होणं, हे जुगाड हसण्यावारी नेऊ नका. ते सॉकेट आता बाद झालंय.

तिसरी पिन शोभेची नाही

प्लगची वरची जाड पिन नीट बघा. ती बाकी दोघींपेक्षा लांब असते. प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी, म्हणून. ही अर्थिंगची पिन. इस्त्री, केटल, मिक्सर, अशा वस्तूंच्या धातूच्या अंगाला कधी आतून करंट लागला, तर तो जमिनीत जायचा रस्ता हाच. हा रस्ता नसेल, तर पुढचा रस्ता म्हणजे त्या वस्तूला हात लावणारे तुम्ही.

बाजारात काही स्वस्त बोर्ड असे मिळतात, की वर सॉकेटला भोकं तीन, पण भिंतीकडच्या प्लगला पिना दोनच. तिसरं भोक नुसतं दाखवायला. असला बोर्ड इस्त्री-केटलसाठी अजिबात नको. आणि सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तिसरी पिन मोडणाऱ्यांना तर काय म्हणावं!

जुन्या बिल्डिंगमध्ये आणखी एक भानगड असते. भिंतीतल्या सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागे अर्थिंगची वायरच आलेली नसते. बघून कळत नाही, वायरमनकडून टेस्टरने तपासून घ्यावं लागतं. लॅपटॉप चार्जिंगला असताना धातूच्या कव्हरवर मुंग्या आल्यासारखं वाटतं का? फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात का? मग हे तपासणं टाळू नका.

इथेच आरसीसीबीचं काम येतं. एमसीबी वायरला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. जेवढा करंट गेला तेवढाच परत येतोय ना, यावर तो लक्ष ठेवतो. घरातल्या आरसीसीबीला साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला, की तो क्षणात वीज तोडतो. मीटरच्या बॉक्समध्ये ‘टेस्ट’ किंवा ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण दिसतंय का बघा. महिन्यातून एकदा ते दाबा. वीज गेली तर तो जिवंत आहे. नाही गेली तर बदलायला हवा. बटणच नसेल, तर बहुधा तुमच्याकडे आरसीसीबीच नाही.

नवा बोर्ड घेताना

आम्ही जुना बोर्ड फेकला आणि नवा घ्यायला गेलो. या वेळी रंग आणि यूएसबी पोर्ट न बघता हे बघितलं:

• अँपिअर किती? ६ की १६? बोर्डवर काहीच लिहिलेलं नसेल, तर तो परत ठेवा.
• आयएसआय मार्क आहे का? प्लग-सॉकेटसाठी आयएस १२९३ आणि पीव्हीसी वायरसाठी आयएस ६९४ हे क्रमांक शोधा.
• वायर तांब्याची आणि पुरेशी जाड आहे का? ६ अँपिअरला निदान ०.७५ चौरस मिलिमीटर, १६ अँपिअरला १.५ किंवा त्याहून जाड. हा आकडा वायरवरच छापलेला असतो.
• भिंतीकडच्या प्लगला तीन पिना आहेत का?
• लांबी गरजेपुरतीच. ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून पाच मीटरची घेतली, की उरलेली वायर आपण गुंडाळून ठेवतो. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या वेढ्यांतच कोंडते.

बोर्डवर ‘स्पाइक गार्ड’ किंवा ‘सर्ज प्रोटेक्टर’ लिहिलं असेल, तर व्होल्टेज अचानक उसळलं तर लॅपटॉपला थोडं संरक्षण मिळतं. पण त्याने बोर्डची लोड घ्यायची ताकद वाढत नाही.

रोजच्या सवयी

काकांनी जाताना एकच नियम सांगितला, तो आता आमच्या भिंतीवर चिकटवलाय: ‘जे गरम करतं, ते भिंतीला. जे गरम करत नाही, ते बोर्डला.’ केटल, इस्त्री, इंडक्शन, हेअर ड्रायर, पाणी तापवायचा रॉड हे सगळं थेट भिंतीतल्या मोठ्या सॉकेटला, आणि एका वेळी एकच. फोन, लॅपटॉप, टेबल लॅम्प, छोटा फॅन बोर्डवर खुशाल चालवा. चार फोन आणि दोन लॅपटॉप मिळून आमचा हिशेब एक अँपिअरच्याही आत येतो. म्हणजे बोर्ड वापरूच नका असं कुणीच म्हणत नाहीये.

बाकी गोष्टी तशा सोप्या आहेत. एका बोर्डमध्ये दुसरा बोर्ड लावू नका, कारण दोघांचा लोड पहिल्याच्या वायरवर येतो. वायर गादीखालून, चटईखालून, दाराच्या फटीतून नेऊ नका. बोर्ड कॉटखाली कपड्यांत ढकलण्यापेक्षा भिंतीला, उघड्यावर आणि जमिनीपासून थोडा उंच लावा, विशेषतः आत्ता पावसाळ्यात, जेव्हा फरशी पुसली तरी ओलच असते. ओल आलेल्या भिंतीवर मात्र नको. फोन उशीखाली चार्जिंगला लावून झोपू नका. तुटलेल्या वायरला टेप गुंडाळून दिवस काढू नका.

आणि रॉड. सकाळी कॉलेजची घाई, गिझर नाही, म्हणून बोर्ड ओढून बाथरूममध्ये नेणारे तुमच्या ओळखीत नक्की असतील. पाणी, अनवाणी पाय आणि जमिनीवरचा बोर्ड, यापेक्षा वाईट जोडी नाही. रॉड वापरायचाच असेल, तर कोरड्या जागी, थेट भिंतीतल्या सॉकेटला. आधी रॉड पाण्यात, मग स्विच चालू. काढताना आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, आणि त्यानंतरच पाण्याला हात. ‘तापलंय का’ बघायला चालू रॉडच्या बादलीत बोट घालायचं नाही म्हणजे नाही.

आठवड्यातून एकदा एवढं करा: स्विच बंद करून प्लग काढा आणि हात लावून बघा. प्लग चांगलाच गरम लागला, पिना काळपट-तपकिरी दिसल्या, सॉकेटभोवती पिवळा डाग असला, जळका वास किंवा चरचर आवाज आला, तर ते सॉकेट त्याच दिवशी बंद.

हॉस्टेल, मालक आणि आपण

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बोलायला सोपं आहे. हॉस्टेलमध्ये केटलला बंदी, पीजीमध्ये चौघांत एक सॉकेट, मालक म्हणतात ‘तुमचं तुम्ही बघा’. खरंय. पण बंदी असली की काय होतं? केटल बंद होत नाही, ती कॉटखाली जाते. चादरीआड, बॅगेमागे, म्हणजे आग लागायला सगळ्यात सोयीच्या जागी. रेक्टर मॅडम किंवा सरांशी भांडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एक मागणी करून बघा: प्रत्येक मजल्यावर पॅन्ट्रीसारखा एक कोपरा, तिथे १६ अँपिअरची दोन सॉकेट, केटल-इस्त्री तिथेच. लपवालपवीही थांबेल.

मालकांशी बोलताना मी घाबरले होते. डिपॉझिटमधून कापतील, असं वाटत होतं. शेवटी वितळलेला बोर्डच घेऊन खाली गेले. “काका, हे बघा, काल रात्रीचं.” ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वर माझं अख्खं घर आहे गं.” आठवड्याभरात ओट्याजवळ एक आणि टेबलाजवळ एक असं नवीन सॉकेट आलं, आरसीसीबीही बसला. सगळे मालक असे नसतील, मान्य. पण आग खोली बघून थांबत नाही, हे त्यांनाही कळतं. विचारायला काय जातं?

आणि नवीन रूम बघायला जाल, तेव्हा वायफाय आणि पाण्याच्या वेळांसोबत तीन प्रश्न विचारा: मोठी सॉकेट किती आणि कुठे? अर्थिंग आहे का? आरसीसीबी आहे का?

आणि झालंच काही तर...

• धूर किंवा ठिणगी दिसली, तर आधी मेन स्विच बंद. तापलेला प्लग हाताने ओढू नका.
• विजेच्या आगीवर पाणी टाकू नका. कार्बन डायऑक्साइड किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक सिलिंडर जवळ असेल आणि आग छोटी असेल, तरच प्रयत्न करा. नाहीतर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा, दार ओढून घ्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा. लॅपटॉप आणायला परत आत जाऊ नका.
• कुणाला शॉक बसून तो चिकटला असेल, तर त्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा. ते शक्यच नसेल, तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून दूर करा. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि सीपीआर येत असेल, तर लगेच सुरू करा.
• मोठा शॉक बसलेला माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी डॉक्टरकडे न्या. हृदयाच्या ठोक्यांवर झालेला परिणाम बाहेरून दिसत नाही.

मी अजूनही ऑफिसमध्ये ‘प्राथमिक अंदाज आहे’ टाइप करते. फक्त आता ते वाक्य आलं, की त्या घरात बोर्ड कुठे असेल, त्याच्याशेजारी काय ठेवलेलं असेल, हे डोळ्यांसमोर येतं. तुम्ही हे वाचून झाल्यावर एक करा. तुमचा बोर्ड उलटा करा, मागे किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि त्यावर लावलेल्या वस्तूंची बेरीज करा. जमलं तर रूममेटलाही बसवा सोबत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मॅगी तोवर थांबेल.